कळसाडीचे निरोगी भाऊबंद

कळसाडीच्या पाटील घराण्यात आजवर कोणीही आजारी पडलेले नाही. ना कोणाला मधुमेह, ना रक्तदाब, ना दमा, ना मूळव्याध. तंबाखूला तर या घराने कधी हात लावलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत असे दुसरे घराणे शोधून सापडायचे नाही. हे कोणा भाटाने रचलेले कवन नव्हे. विमा कंपनीच्या दप्तरी ते प्रत्येकाच्या सहीनिशी नोंदलेले आहे.

दप्तराबाहेर पाहायचे तर थोरले हिलालनाना रोज सकाळी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत आणि लगेच त्याच हाताने तंबाखू मळत. मधल्या घरातले उत्तमभाऊ जिना चढताना अर्ध्यावर थांबून देवाचे नाव घेत, ते काही भक्तीमुळे नव्हे. नानांच्या पत्नी धनुबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाई, उशाला गोळ्यांची पुरचुंडी ठेवूनच झोपत.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या दोन्हींच्या मध्ये हिलालनानांचे धाकटे भाऊ, आरोग्य विम्याचे जुने एजंट भाईदास पाटील, हात बांधून उभे होते.

झाले होते ते असे. श्रावणातल्या त्या ठरलेल्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, आणि सुरत-पुण्याला पांगलेले सगळे भाऊबंद तिच्या प्रसादाचे गव्हाचे रोट खायला गावी येतात. रोट एका रक्ताच्या माणसांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला घास नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. करोनाच्या वर्षी जमावबंदी होती, पण पोलीसपाटीलही रोट खाणाऱ्यांतलेच असल्यामुळे कोणाची अडचण झाली नाही. त्या वर्षी सगळ्यांना एकाएकी मरणाची भीती वाटली आणि सगळे म्हणाले, "भाईदास, आमना बी विमा काढ." पुन्हा एवढी माणसे एका जागी वर्षभर सापडायची नाहीत, म्हणून भाईदासांनी कानबाईच्या चौरंगासमोरच फॉर्म उघडले आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला.

"मधुमेह आहे का?"

हिलालनानांनी तोंड उघडले, तेवढ्यात धनुबाई कडाडल्या, "आईसमोर अभद्र बोलानं नही! नही म्हना."

नाना म्हणाले, "नही."

मग सगळेच नही म्हणाले. आजारांची यादी लांबलचक होती, पण आईसमोर एकाही आजाराचे नाव निघाले नाही. भाईदासांनी ते धर्मकार्य समजून लिहून घेतले. त्यानंतर दरवर्षी कानबाईच्या दिवशीच नूतनीकरण करायचे, असा घराण्याचा कुळाचार झाला. नशिबाने दावेही बेताचे आले. डेंग्यू, पडणे-झडणे, मोतीबिंदू. मोतीबिंदू हा आजार नसून वय आहे, असे कंपनीही मानत होती.

भाईदासांचे दिवस बरे चालले होते. मग सुधारणा आल्या.

सरकारने विम्यावरचा कर काढून टाकला. ग्राहक खूश झाला. कंपनीने तो आनंद एजंटांच्या कमिशनमधून कापून घेतला. मग ग्राहकाच्या हक्कांची परिपत्रके आली. ती भाईदासांनी वाचली नाहीत, कारण ग्राहकाला हक्क मिळाले की एजंटाचे काहीतरी जाते, एवढे न वाचताही कळत होते. टीव्हीवर एक नट सांगू लागला की एजंट म्हणजे मधला माणूस आणि मधला माणूस म्हणजे खर्च. आणि सगळ्यांवर कडी म्हणून, घरातूनच स्पर्धा उभी राहिली.

हिलालनानांचा मुलगा कुंदन याची बायको काजल शहाद्याची, बी.एस्सी. झालेली. ती एका 'झटपटकवच' नावाच्या ॲपची आरोग्य सल्लागार झाली होती. यंदा सगळ्या भाऊबंदांचा विमा जुन्या कंपनीतून काढून ॲपवरच्या नव्या कंपनीत न्यायचा, असे तिने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहीर केले होते. खाली सगळ्यांनी अंगठे टाकले होते. त्यांत एक अंगठा भाईदासांचाही होता. ते समजायच्या आधी अंगठा टाकत.

यात भाईदासांचे काय जाणार होते ते त्यांना नंदुरबारच्या शाखेतले अधिकारी दिलवरसिंग पावरा यांनी समजावून सांगितले होते. "आबासाहेब, कंपनी छोट्या एजंटांचे कोड बंद करतेय. तुमच्या कोडवर बाहेरचे ग्राहक राहिलेच किती? भाऊबंदांची नूतनीकरणं तुमच्या कोडवर झाली, तर कोड राहील. नाहीतर या महिनाअखेर तुम्हीही ग्राहकच."

ग्राहक! ज्या माणसाला रात्री-बेरात्री गावातून पहिला फोन येतो, 'आबा, बापूले दवाखानामा नेई ऱ्हायनूत, कोठे नेऊ?' म्हणून, ज्याची दवाखान्याच्या काउंटरवर नावानिशी ओळख आहे, ज्याच्या ओट्यावरच्या पाटीवर 'विमा सल्लागार' ही अक्षरे घराच्या नंबरापेक्षा मोठी आहेत, तो माणूस ग्राहक! शेत वाट्याने दिलेले, मुलगा पुण्याला. कोड गेला तर भाईदासांकडे एक दुखरा गुडघा तेवढा उरणार होता, आणि तोही कंपनीच्या दप्तरी ठणठणीत होता.

*

कानबाईच्या दिवशी सकाळी भाईदास अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आत धनुबाईंच्या देखरेखीखाली रोटांचे पीठ मळले जात होते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, हा हिशेब धनुबाई कोणाच्या हाती देत नसत.

भाईदासांची बहीण बेबीबाई तळोद्याहून आली होती. लेक असल्यामुळे तिला रोट मिळणार नव्हता, आणि रोट मिळणार नाही म्हणून तिची जीभ मोकळी होती.

"भाईदास, तोंड असं का करी बसना रे? इमा बुडना का तुन्हा?"

"बुडाले काय ती म्हैस शे?"

"म्हैस बुडत नही. बसी ऱ्हास. तुन्हासारखी."

इतक्यात हिलालनाना बाहेर आले. त्यांच्या मनगटावर काजलच्या ॲपचे घड्याळ होते. जेवढे चालाल तेवढी हप्त्यात सूट, अशी योजना होती. नानांनी आठवडाभर ते घड्याळ गोऱ्ह्याच्या पायाला बांधून ठेवले होते. ॲपने त्यांना कळवले होते की आपली तब्येत उत्तम आहे, मात्र आपण उभ्याने झोपता.

"नाना," भाईदास म्हणाले, "तू बी चालना का सुनना मांगे?"

"मी कोठे चाली ऱ्हायनू? गोऱ्हा चाली ऱ्हायना." नाना शेजारी टेकले. "अन् सून शे भो मन्ही. घरमा ऱ्हाणं शे माले. तुन्हा घर मी रातले जेवाले येऊ का?"

हा मुद्दा बिनतोड होता.

काजल चहा घेऊन आली. एरवी ती घरात अहिराणीच बोले, पण विम्याचा विषय निघाला की मराठीत शिरे, जसा माणूस बाहेर जाताना पायात चप्पल घालतो.

"आबा, तुम्ही रागावू नका. मी पोर्ट करतेय, पळवत नाहीये."

"फरक काय?"

"पळवलं की माणूस भांडतो. पोर्ट केलं की मेसेज येतो."

"अन् मी काय करू? मेसेज वाचू?"

"तुम्ही आराम करा ना. इतकी वर्षं केलं सगळ्यांचं." ती हे मनापासून म्हणाली, आणि त्यामुळेच ते भाईदासांना जास्त लागले. काजलला खरोखर वाटत होते की ती घराचे भले करते आहे. ॲपने तिला दिलेल्या प्रशिक्षणात शेवटचा धडा 'नातलगांपासून सुरुवात करा' हा होता, आणि तिला नातलग भरपूर मिळाले होते.

चहाचा कप परत देताना भाईदासांनी पाहिले, आपली बायको अनुसयाबाई चुलीपासून उठून काजलला काहीतरी कानात सांगत होती. त्यांची नजर गेल्यावर तिने पदर सावरला आणि पिठात हात घातला.

*

नव्या कंपनीचा नियम असा होता की अर्ज केला की डॉक्टरचा फोन येणार, डॉक्टर प्रश्न विचारणार आणि सगळे रेकॉर्ड होणार. घरात मोबाइलला धड रेंज एकाच ठिकाणी होती: पुढच्या खोलीतल्या खिडकीत. खिडकीच्या खाली चौरंग होता आणि चौरंगावर नथ घातलेली, केळीच्या खांबांत कानबाई बसलेली होती.

पहिला फोन हिलालनानांना आला. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून काजलने स्पीकर लावला. सगळे भाऊबंद भिंतीला टेकून बसले होते. उंबऱ्याबाहेर बेबीबाई होती. भाईदास कोपऱ्यात, हाताची घडी घालून.

"अंकल जी, नमस्ते," एका डॉक्टरणीचा कोवळा आवाज म्हणाला. "आपको शुगर है?"

"नही," नाना सवयीने म्हणाले.

"बीपी?"

"नही."

काजलने फोनवर हात ठेवला आणि घाईत अहिराणीतच म्हणाली, "नाना, रेकॉर्ड व्हई ऱ्हायनं. खरं सांगा. उद्या दावा करतांना हाईच ऐकाडतीन."

"खरं? आठे?" नानांनी कानबाईकडे पाहिले, मग धनुबाईंकडे. "तुन्ही सासूले इचार."

खोलीत सगळ्यांनी धनुबाईंकडे पाहिले. भाईदासांच्या छातीत जरा आशा हलली. आईसमोर अभद्र बोलायचे नाही, हा कायदा धनुबाईंचाच होता, आणि तो कायदा असेपर्यंत कुठलेही ॲप या घरात शिरू शकत नव्हते.

धनुबाईंनी पिठाचे हात पुसले. तो कायदा त्यांनी का केला होता ते फक्त त्यांनाच ठाऊक होते. त्या वर्षी कुंदनची सोयरीक चालली होती. बापाला साखर आहे, ही गोष्ट इतक्या तोंडांसमोर निघाली असती तर रोट पचायच्या आत मुलीकडच्यांच्या गावी पोचली असती. आता ज्या मुलीपासून लपवायचे होते तीच फोन धरून समोर उभी होती.

"सांगी टाका," धनुबाई म्हणाल्या.

"वहिनी!" भाईदास ओरडले. "आईसमोर?"

"आईले काय माहीत नही का? कुंदननं लगीन व्हई गयं, आते आईले काय अडचण?"

काजलने एकदा सासूकडे पाहिले, मग कुंदनकडे. कुंदन छताकडे पाहत होता.

नानांनी घसा साफ केला आणि साखर कबूल केली. मग सुई कबूल केली, मग तंबाखू. उत्तमभाऊंनी लाजत लाजत छातीतली धडधड सांगितली. पहिल्या दोघांना संकोच वाटला. तिसऱ्याला हुरूप आला. सुरतवाल्या चुलतभावाने मूतखडा सांगितला तेव्हा पुणेवाला म्हणाला, "एकच? मन्हा दोन्हीकडे शेतस." कोणी गोळ्यांची नावे सांगितली, कोणी सदरा वर करून टाक्यांची खूण दाखवली, जी फोनवरच्या डॉक्टरला दिसण्याचे कारण नव्हते. इतकी वर्षे दाबून ठेवलेले एकदम बाहेर आले आणि घराण्याला मोकळे वाटू लागले.

"ओ माय," उंबऱ्याबाहेरून बेबीबाई म्हणाली, "बरं व्हयनं माले रोट देतस नही. खाईसन माणूस असा व्हस का?"

मग अनुसयाबाईंचा फोन वाजला.

भाईदासांना आधी वाटले पुण्याहून मुलाचा असेल. पण अनुसयाबाई उठल्या, त्यांच्याकडे न पाहता खिडकीपाशी गेल्या आणि फोन काजलसारखाच तळहातावर आडवा धरला.

"आंटी जी, थायरॉइड है?"

"हां."

"दवाई चालू है?"

"रोज. बिहानले, चहाना पहिले."

भाईदास उठून उभे राहिले. गावात कोणाला कुठली गोळी चालू आहे हे त्यांना तोंडपाठ होते. उत्तमभाऊंची गोळी बदलली तेव्हा उत्तमभाऊंच्या बायकोच्या आधी त्यांना कळले होते. आणि आपल्या घरात सकाळी चहाच्या आधी घेतली जाणारी गोळी ते आजवर ताकदीची समजत आले होते. विचारले नव्हते. ताकदीच्या गोळीला काय विचारायचे?

फोन संपल्यावर ते बायकोजवळ गेले. बाकी सगळे ऐकत नसल्यासारखे करून ऐकू लागले.

"तू माले कधी सांगं नही?"

"तुम्ही फॉर्मवर 'नही' लिखेल व्हतं ना," अनुसयाबाई म्हणाल्या. "मंग मी घरमा 'हा' कशी म्हनू? तुम्हनं नाव खराब व्हतं."

"अन् आते? हिले नंबर दिधा तू?"

"तुम्ही तर इचारशात नही. म्हनं ती डॉक्टरीण तरी इचारीन."

भाईदास परत कोपऱ्यात जाऊन बसले. हाताची घडी मात्र पुन्हा घातली नाही.

*

भाऊबंद रोट, खीर आणि चक्कीच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीवर बसले असताना नव्या कंपनीची उत्तरे येऊ लागली. ताटाशेजारी ठेवलेला फोन टुणकन वाजे आणि घास थांबे.

"'आमच्यावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार,'" उत्तमभाऊंनी वाचले. "'सध्या आपल्याला आमच्या परिवारात सामावून घेणे शक्य नाही.' म्हंजे काय, काजल?"

काजल तूप वाढत होती. तिने फोन पाहिला. "म्हणजे... नाकारलं, भाऊ."

"म्हंजे नापास?"

हिलालनानांनाही तोच निरोप आला. मूतखड्यांनाही आला. ज्याचे जे काही होते, त्याला त्याबद्दल आभार मानून बाहेर ठेवले होते. फक्त कुंदनला घेतले, तेही वजन कमी करण्याच्या सूचनेसह.

"इतकं खरं बोलनूत," नाना ताटावरून म्हणाले, "जिंदगीमा पहिलांदाव. अन् नापास?"

आणि मग, खिरीची वाटी तोंडाला लावता लावता, सुरतवाल्याला सुचले ते सुचायला नको होते. "पन भो, ते रेकॉर्डिंग जुनी कंपनीले गयं तं?"

खोलीत कोणी घास उचलेना.

"नाही जात," काजल म्हणाली. "माहिती गोपनीय असते. ॲपमध्ये तसं लिहिलंय."

"ॲपमा तं नाना उभा झोपस असं बी लिखेल शे," बेबीबाई म्हणाली.

माणसे बदलायला वेळ लागतो असे म्हणतात. कळसाडीत तेवढा लागला नाही. उत्तमभाऊ म्हणाले की पहिल्यापासून त्यांना हे ॲप पटले नव्हते. पुणेवाला म्हणाला की त्याने अंगठा चुकून टाकला होता. धनुबाई सुनेला म्हणाल्या, "ते तूप तठे ठेव अन् जाय मांगे." हिलालनानांनी मनगटावरचे घड्याळ सोडून ताटाखाली सरकवले आणि स्वतः भावाच्या शेजारी सरकले.

"भाईदास, तू काय तरी कर भो. तूच आम्हना माणूस."

आठवडाभर भाईदास याच वाक्याची वाट पाहत होते. आले तेव्हा त्यांना ते हवे तेवढे गोड लागले नाही. त्यांची नजर अनुसयाबाईंकडे गेली. त्या काजलच्या हातातली तुपाची वाटी घेऊन तिला आपल्या शेजारी बसवत होत्या.

*

दिलवरसिंग पावरा आले ते उन्हे कलल्यावर, मोटारसायकलवरून. मूळचे धडगावकडचे. त्यांना अहिराणी येत नव्हती, पाटलांना पावरी येत नव्हती. त्यामुळे दोन्ही बाजू शाळेतल्या मराठीत सभ्यपणे बोलत. रोट त्यांना देता येणार नव्हता, म्हणून चहा आणि शेव-मुरमुरे समोर आले.

"बघा ना," त्यांनी सुरुवात केली, "तुम्ही नशीबवान. आमच्याकडे घाटात जीपमध्ये बसणारा माणूस विमा विचारत नाही. टपावर जागा आहे का, ते विचारतो. इथं तर घरात दोन-दोन सल्लागार!"

उत्तमभाऊंनी थेट विचारले, "साहेब, समजा एखाद्याने जुन्या फॉर्मवर एखादा आजार लिहायचा राहून गेला असेल, तर?"

"किती जणांचा राहून गेला?"

"समजा, बऱ्याच जणांचा."

दिलवरसिंगांनी मुरमुरे खाली ठेवले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग ते सावकाश म्हणाले, "पाच वर्षं सलग हप्ता भरलेला असेल, तर जुन्या फॉर्ममधलं उकरून कंपनी दावा नाकारू शकत नाही. नियम झालाय. आबासाहेबांना परिपत्रक पाठवलं होतं मी."

सगळ्यांनी भाईदासांकडे पाहिले. भाईदासांनी परिपत्रक वाचलेल्या माणसासारखी मान हलवली.

"फक्त फसवणूक सिद्ध झाली, तर गोष्ट वेगळी," दिलवरसिंग पुढे म्हणाले.

"फसवणूक म्हणजे?"

"मुद्दाम खोटं लिहिणं."

धनुबाई पदर खोचून पुढे आल्या. "आम्ही काय मुद्दाम बोलनूत? आईसमोर अभद्र बोलानं नही म्हनून नही म्हननूत. तो धरम शे आम्हना!"

भाईदासांनी भाषांतर केले. दिलवरसिंगांनी चौरंगाकडे पाहून हात जोडले. "फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, काकू. पण मी इथं नूतनीकरणासाठी आलोय. कोणाची प्रकृती मी विचारलेली नाही, कोणी मला सांगितलेली नाही. मी चहा प्यायलो. चहा चांगला होता."

ज्या सुधारणांना भाईदासांनी वर्षभर शिव्या दिल्या होत्या, त्यांतल्याच एकीने त्यांच्या सगळ्या 'नाही'ना अभय दिले होते. भाऊबंद एकदम बोलू लागले. आबा तो आबाच. माणूस तो माणूसच. ॲप काय दवाखान्यात डबा घेऊन येणार आहे? आता भाईदासांनी दोन शब्द बोलावेत, असे ठरले.

भाईदास उभे राहिले. पण बोलले ते दिलवरसिंगांशी.

"साहेब, माझ्या पॉलिसीत बदल करायचाय. बायकोला थायरॉइड आहे. ते लिहायचंय."

"आबासाहेब," दिलवरसिंग हळूच म्हणाले, "आत्ताच काय सांगितलं मी? पाच वर्षं होऊन गेलीत. कशाला? हप्ता वाढेल."

"वाढू द्या. ती रोज गोळी घेते." आणि भाईदासांनी फॉर्म मागून घेऊन खिशातून पेन काढले. त्यांच्या हाताला 'हो' लिहायची सवय नव्हती. अक्षर जरा वाकडे आले. अनुसयाबाई दारातून पाहत होत्या. बेबीबाईने कोपराने ढोसल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मग भाईदास मागच्या अंगणात गेले. काजल एकटीच भांड्यांशी बसली होती.

"काजल, तुन्हं ॲप इचारस बराबर. पन नापास कराना पहिले माणूसले काय सांगानं, ते त्याले येत नही."

"येत नाही, आबा. मलाही नव्हतं माहीत असं करतील." तिने हातातले भांडे खाली ठेवले. "आईंनी तूप खाली ठेवायला लावलं मला."

"वहिनी दोन दिनमा ईसरी जाई. आयक. फोन, लिंक, परिपत्रक वाचनं, हाई बठ्ठं तू कर. दवाखाना, काउंटर, माणूस, हाई मी करस. दोन्ही मिळी करूत. जो नवा येई, त्याले खरंच इचारानं. आईसमोर नही, परसमा."

"कोड कोणाचा?"

"कोड मन्हा."

"आणि कमिशन?"

"ते आते नावलेच शे. अर्धं अर्धं."

"नावाचं अर्धं म्हणजे आडनाव फक्त, आबा."

"ते तुन्हं-मन्हं एकच शे," भाईदास म्हणाले, आणि दोघांचा करार झाला.

काजलने हात पुसले आणि पुढे येऊन कामाला लागली. जुन्या कंपनीने नूतनीकरणाची लिंक प्रत्येकाच्या फोनवर आधीच पाठवली होती. ती कशी उघडायची, कुठे दाबायचे, हे तिने सगळ्यांना एकत्र बसवून दाखवले. "आबांकडेच करानं बरं का," असे प्रत्येक जण दुसऱ्याला बजावत होता. रेंजसाठी एकेक जण खिडकीशी जाई, चष्मा लावी, कानबाईकडे पाठ करून थोडा वेळ उभा राही, दाबी, आणि हसत परत येई. नाना परत आले तेव्हा त्यांनी भावाला मिठीच मारली.

*

सोमवारी सकाळी कानबाईचे विसर्जन करून सगळे नदीवरून परतत होते, तेव्हा दिलवरसिंगांचा फोन आला.

"अभिनंदन, आबासाहेब. तुमचा एकही भाऊबंद गळाला नाही. सगळी नूतनीकरणं झाली."

भाईदास वाटेतच थांबले. बाकीचे पुढे गेले. "मग कोड राहिला?"



"त्या लिंकवर दोन बटणं आहेत ना. एक 'एजंटमार्फत'. दुसरं 'थेट कंपनीकडे', त्यावर थोडी सूट मिळते. नवीन सुधारणा आहे."

"बरं."

"एजंटमार्फत एकच झालंय, आबासाहेब. तुमचं स्वतःचं."